केपचा द्राक्षमळा आणि वऱ्हाडची नजर

दक्षिण आफ्रिकेच्या सहलीत केपटाउनचा मुक्काम असला की त्यातला अर्धा दिवस बहुधा एखाद्या द्राक्षमळ्यासाठी राखलेला असतो. त्यातही ‘ग्रूट कॉन्स्टान्शिया’चे नाव पुढे असते, कारण हा त्या देशातला सर्वांत जुना वाइनचा मळा. डोंगराच्या पायथ्याशी रांगेत लावलेल्या वेली, चुन्याने पांढऱ्याशुभ्र केलेल्या भिंती, गवताने शाकारलेले उंच छप्पर, नक्षीदार त्रिकोणी माथा आणि शेवटी टेबलावर मांडलेले चाखणीचे पेले. मळा १६८५ सालचा आहे हे अभिमानाने सांगितले जाते. फोटो निघतात, बाटल्या विकत घेतल्या जातात, बस पुढे जाते. मुंबई-पुण्याचे पर्यटक तिथे जातात तसे आता नागपूर-अमरावतीचेही जातात. अशी ठिकाणे पाहावीतच, पण मालकाच्या ओसरीवरून न पाहता वेलींच्या रांगेत राबणाऱ्यांच्या बाजूने पाहावीत, असे माझे म्हणणे आहे. धामणगाव रेल्वेसारख्या कापसाच्या गावातून गेलेल्या माणसाला ते इतरांपेक्षा सोपे जायला हवे. परदेशी सत्तेने वाढवलेल्या पिकाचे काय काय होते, हे त्याच्या घरामागच्या वावरात लिहिलेले आहे. फक्त त्याच्याकडे बंगला उरलेला नाही. का उरला नाही, या प्रश्नात या लेखाचा बराचसा ऐवज आहे.

आधी मळ्याची हकीकत. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ साली केपला ठाणे वसवले ते वसाहत करण्यासाठी नव्हे, तर आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजी आणि मांस मिळावे म्हणून. वेली युरोपातून आणल्या गेल्या आणि १६५९च्या फेब्रुवारीत तिथली पहिली वाइन निघाली. वीस वर्षांनी सायमन व्हॅन डर स्टेल हा अधिकारी केपचा प्रमुख झाला. १६८५ साली कंपनीचे एक बडे तपासनीस केपला आले आणि त्यांनी त्याला कॉन्स्टान्शियाची साडेसातशे हेक्टरांहून जास्त जमीन बहाल केली. या तपासनिसांचे नाव हेंड्रिक व्हॅन रीड. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या प्रचंड ग्रंथामुळे माहीत असते. मलबारात डचांचा प्रमुख असताना त्याने तिथल्या वनस्पतींची माहिती गोळा करवली. ती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे गोव्याकडून कोचीनला गेलेल्या कोकणी समाजातले तिघे जण होते. त्यांची नागरी लिपीतली साक्ष ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेली आहे. पुढे १६९१ साली सुरतेला जाताना मुंबईच्या किनाऱ्याजवळ समुद्रातच व्हॅन रीडचा मृत्यू झाला आणि त्याला सुरतेत पुरले. तेव्हा कॉन्स्टान्शियाचा सातबारा ज्याच्या हातून निघाला, तो माणूस आपल्या किनाऱ्याला चांगलाच ओळखत होता. आफ्रिकेच्या टोकावरच्या या मळ्याशी आपला काय संबंध, असे विचारणाऱ्याला एवढे उत्तर सुरुवातीला पुरावे.

संबंध याहून जवळचा आहे, आणि थोडा अवघडही. सायमनचा जन्म १६३९ साली मॉरिशसला जाण्याच्या प्रवासात झाला. त्याचा बाप अड्रियान हा त्या बेटावरचा डच प्रमुख. मॉरिशसमध्ये ऊस पहिल्यांदा आणला तो याच अड्रियानने. म्हणजे ज्या उसाच्या मळ्यांत दोनशे वर्षांनी रत्नागिरीची माणसे करारावर राबायला गेली, तो ऊस बापाचा आणि कॉन्स्टान्शियाची द्राक्षे मुलाची. सायमनची आई मारिया लीव्हन्स ही एका हिंदुस्थानी बाईची मुलगी होती. त्या आजीचे नाव कागदोपत्री मोनिका असे येते आणि ती एके काळी गुलाम होती. केपचा हा बडा जमीनमालक गुलाम आजीचा नातू होता, याचे वर्णभेदाच्या काळात अनेकांना अवघडल्यासारखे वाटे. आज ते कौतुकाने सांगितले जाते. या कौतुकाला मात्र एक मर्यादा आहे, आणि तिच्याकडे पुढे यावे लागेल.

मळ्यात राबले कोण? केपला गुलाम आणण्याची सुरुवात १६५८पासून झाली. ब्रिटिशांनी गुलामांच्या व्यापारावर घातलेली बंदी १८०८मध्ये लागू होईपर्यंत सुमारे ६३ हजार माणसे तिथे आणली गेली, असा इतिहासकार रॉबर्ट शेल यांचा अंदाज आहे. त्यांची चार गटांत जवळजवळ सारखी वाटणी होते. आफ्रिकेची मुख्य भूमी, मादागास्कर, आजच्या इंडोनेशियाची बेटे, आणि हिंदुस्थान. दर चौघांतला एक आपल्याकडचा. बंगाल, कोरोमंडल, मलबार इथून ही माणसे गेली. दुष्काळात विकली गेलेली, कर्जापोटी गेलेली, पळवून नेलेली. तिथे त्यांची मूळ नावे गेली. कागदावर उरले ते मालकाने ठेवलेले एखादे नाव आणि त्यापुढे ‘बंगालचा’, ‘मलबारची’ एवढाच पत्ता. काहींना ज्या महिन्यात आणले त्याचेच नाव मिळाले. ‘फेब्रुवारी’, ‘सप्टेंबर’ ही आडनावे केपटाउनच्या आसपास आजही सापडतात. मालक मेला की त्याच्या मालमत्तेची यादी होई, आणि तिच्यात पिंपे, बैल, खुर्च्या यांच्याच ओळीत या माणसांचीही नोंद होई.

कॉन्स्टान्शियाची कीर्ती झाली ती गोड वाइनमुळे. द्राक्षे पिकल्यावर ती वेलीवरच सुकत ठेवायची, साखर दाटू द्यायची, आणि मग खुडायची. सगळे घड एकाच दिवशी त्या टप्प्याला येत नाहीत, म्हणून एकाच रांगेतून पुन्हा पुन्हा फिरून हाताने निवड करावी लागते. रस कमी निघतो, मजुरी जास्त लागते. नाशिक-सांगलीचा बागायतदार एवढ्यावरूनच हिशेब मांडील की हा माल स्वस्त मजुराशिवाय परवडणारा नाही. केपला तो मजूर फुकट होता. १७७८ साली हेंड्रिक क्लूटे याने मळा घेतला, जास्त गुलाम लावले, वेली नव्याने लावल्या आणि माल युरोपच्या राजदरबारांत पोचवला. सेंट हेलेना बेटावरच्या कैदेत नेपोलियनला हीच वाइन जात असे. जेन ऑस्टेनच्या कादंबरीत ती प्रेमभंगावरचे औषध म्हणून आली आहे. क्लूटेने १७९१मध्ये बांधलेले वाइनचे कोठार अजून उभे आहे. त्याच्या दर्शनी माथ्यावर अँटन आन्राइट या शिल्पकाराने गॅनिमीड कोरला आहे, ग्रीक पुराणातला देवांना मद्य पाजणारा देखणा पोरगा. गरुडाने पळवून नेऊन त्याला देवांच्या चाकरीला लावले होते. पळवून आणलेल्या माणसांच्या घामावर चाललेल्या कोठाराला हेच शिल्प लावावे, यात मालकाला काहीच खटकले नसावे. वाटाड्ये या शिल्पाच्या सौंदर्यावर पाच मिनिटे बोलतात. गोष्टीचा पूर्वार्ध ऐकण्यासाठी आपणच विचारावे लागते.

आता वऱ्हाडकडे वळू. निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १९०२मध्ये तो वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. १८६७पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. बडनेरा ते वर्ध्याच्या पट्ट्यातली स्टेशने कापसाच्या गाठी चढवायच्या जागा झाल्या. धामणगावच्या नावाला चिकटलेला ‘रेल्वे’ हा शब्द त्याच काळाची खूण आहे. गावाच्या नावात स्टेशन घुसले ते प्रवाशांच्या सोयीपेक्षा रुईच्या सोयीने. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, अडत आली, यवतमाळकडच्या बैलगाड्यांची रीघ लागली. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी शिरली. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडच्या कापसावर आणि दुष्काळावर पुस्तक लिहिले आहे. निर्यातीच्या पिकाने इथला माणूस दुष्काळापुढे अधिक उघडा पडला, अशी त्यांची मांडणी आहे. १८९९-१९००चा दुष्काळ त्या उघडेपणाची शिक्षा होती. गुलामगिरी आणि रयतवारी एक नव्हे, हे स्पष्टच सांगायला हवे. वऱ्हाडचा शेतकरी विकला जात नव्हता, त्याच्या नावावर जमीन होती. पण पिकाचा भाव आणि पिकाची दिशा दोन्ही दुसरीकडे ठरत होते, ही गोष्ट केपच्या मळेवाल्यालाही लागू होती. १८६०मध्ये इंग्लंडने फ्रान्सशी व्यापाराचा करार केला. केपच्या वाइनला इंग्लंडच्या बाजारात जकातीची जी सवलत होती ती त्या पाठोपाठ गेली आणि तिथला धंदा कोसळला. जवळजवळ त्याच सुमाराला, १८६१मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या रुईला सोन्याचा भाव आला. १८६५ला युद्ध संपले आणि भाव आपटला. एकाच दशकातल्या, दूरवरच्या घडामोडींनी एक मळा बुडाला आणि एक मुलूख चढून पुन्हा पडला.

मग कॉन्स्टान्शियाला बंगला आहे आणि धामणगावला का नाही? कारण केपचा मालक पिकाशेजारी राहत होता. त्याची झोप, जेवण, पाहुणे, मिरवणूक सगळे मळ्यातच होते, म्हणून नफ्याचा एक भाग भिंतींत मुरला. वऱ्हाडच्या कापसाचे खरे लाभार्थी इथे राहत नव्हते. त्यांचे बंगले आहेत, पण ते लिव्हरपूल आणि मँचेस्टरला आहेत, काही मुंबईच्या फोर्टात आहेत. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि १८७८मध्ये पुरा झाला. कापसाच्या तेजीतला तो सर्वांत मोठा सटोडिया. विद्यापीठाच्या आवारात फिरणाऱ्या कोणाच्या डोक्यात वऱ्हाडची पऱ्हाटी येत नसेल, तरी कापसाच्या पैशाचा बंगला पाहायचाच असेल तर तो तिथे आहे. पर्यटनाला बंगला लागतो. जिथे मालक झोपत होता ती जागा ‘वारसा’ ठरते आणि जिथे फक्त काम चालले ती जागा पडीक गोदाम होते. केपला गेलेल्या वऱ्हाडी माणसाला हा भेद घरूनच ठाऊक असतो. म्हणून त्या गवताच्या छपराखाली उभे राहून त्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा की या मळ्याची गोदामाची बाजू कुठे आहे? दुसरे असे की १९२५मध्ये लागलेल्या आगीत हे घर जळाले होते, आणि आज दिसते ते डागडुजी करून, बाहेरून जुने सामान आणून मांडलेले घर आहे. जपणूक आपोआप होत नाही, कोणीतरी ठरवून पैसा घालतो. काय जपायचे हेही तेव्हाच ठरते.

या म्हणण्याला पहिला आक्षेप घरातूनच येईल. सुट्टीवर गेलेल्या माणसाने प्रत्येक भिंतीत घाम का शोधायचा? आपले किल्ले, मंदिरे, देशमुखांचे वाडे हेही वेठबिगारीवरच उभे राहिले ना? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर ‘आपले वेगळे’ असे नाही. वऱ्हाडातल्या एखाद्या वाड्याची तुळई कोणी वाहून आणली आणि त्याला ओसरीवर बसू दिले गेले का, हे विचारलेच पाहिजे. जातीने बांधलेली चाकरी पगाराच्या चिठ्ठीवर लिहिली जात नसे, म्हणून तिचा हिशेब अवघड आहे. केपचा फायदा असा की डच कंपनी कमालीची हिशेबी होती. गुलामांची खरेदी-विक्री, शिक्षा, मृत्युपत्रे, याद्या, सारे नोंदले गेले आणि टिकले. पुरावा हाताशी असताना तो न पाहणे वेगळे, आणि तो नसताना अंधारात चाचपडणे वेगळे. सुट्टीचे म्हणाल, तर याद्या वाचायला दहा मिनिटे पुरतात. वाइनची चाखणी याहून जास्त वेळ चालते.

दुसरा आक्षेप गोड आहे, म्हणून अधिक सावध राहायला हवे. ‘दर चौघांत एक आपला होता, म्हणजे तो मळा आपल्याच माणसांनी उभा केला,’ असे म्हणून छाती फुगवता येते. इथे सायमनची आजी आडवी येते. रक्ताने बाजू ठरत असती तर गुलाम आजीच्या नातवाने गुलाम ठेवले नसते. त्याने ठेवले, आणि त्याचा मुलगा विलेम अड्रियान याने सत्तेचा इतका दुरुपयोग केला की केपच्या स्वतंत्र शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून कंपनीने १७०७मध्ये त्याला परत बोलावले. विलेमचा व्हर्गेलेगन हा मळाही आज पर्यटकांना खुला आहे. ‘आपली माणसे’ ही भावना पर्यटकाला मळ्याच्या दारापर्यंत नेईल, तेवढ्यापुरती ती उपयोगी. आत गेल्यावर कोणाच्या हातात काय होते हेच पाहावे लागते. १८३४मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई देण्यात आली, ती मालकांना. सुटलेल्या माणसांना १८३८पर्यंत ‘उमेदवार’ म्हणून त्याच मालकाकडे राबावे लागले. कॉन्स्टान्शियाच्या पुढच्या शतकाचा पाया हाच होता.

तिसरा आक्षेप दारूचा, आणि आमच्या भागात तो येणारच. वर्धा नदी ओलांडली की दारूबंदीचा जिल्हा लागतो. गांधी-विनोबांच्या कर्मभूमीशेजारी राहून वाइनच्या मळ्याचे वर्णन कशाला? मी म्हणेन की दारूबंदीचा अनुभव असलेल्या वाचकाला या मळ्यांची सर्वांत कडू गोष्ट अधिक नीट कळेल. केपच्या मळेवाल्यांनी मजुरीचा एक भाग स्वस्त वाइनच्या रूपात द्यायची रीत पाडली. तिला तिथे ‘डॉप’ म्हणतात. दिवसातून ठराविक वेळा तांब्याभर वाइन, आणि रोकड कमी. गुलामगिरीच्या काळात सुरू झालेली ही रीत विसाव्या शतकात चांगलीच रुजली. १९६०च्या दशकात तिच्यावर कायद्याने बंदी आली, तरी ती पुढे कित्येक वर्षे लपूनछपून चालू राहिली. गर्भातच दारूचा परिणाम झालेल्या बालकांचे प्रमाण जगात जिथे सर्वांत जास्त नोंदले गेले, त्यात वेस्टर्न केपचे द्राक्षांचे पट्टे आहेत. विदर्भात हातभट्टीविरुद्ध बायकांनी जी आंदोलने केली, त्यांच्या मागे दारू पिणाऱ्याच्या घरच्या ओट्यावरचे दुःख होते. केपमध्ये ती दारू पगार म्हणूनच घरात आली.

मग बहिष्कार घालावा का? मला ते पटत नाही, कारण आजचा मजूर याच धंद्यावर जगतो. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०११ साली वेस्टर्न केपच्या फळ आणि वाइनच्या शेतांवर अहवाल दिला. त्यात मोडक्या घरांची, कीटकनाशकांपासून संरक्षण नसल्याची आणि संघटना करू न देण्याची उदाहरणे आहेत. पुढच्याच वर्षी डी डोर्न्स या गावातल्या खाण्याच्या द्राक्षांच्या मजुरांनी संप केला. दिवसाला ६९ रँड मजुरी मिळत होती, ती २०१३च्या मार्चपासून किमान १०५ रँड झाली. युरोपच्या त्याच बाजारात आपल्या नाशिकची द्राक्षे जातात, म्हणून हा संप आपल्या बागायतदारांनीही अभ्यासावा असा आहे. संप झाला तो माल विकला जात होता म्हणून. विकत घेणाऱ्याने प्रश्न विचारले की मालकाला उत्तर द्यावे लागते, पाठ फिरवणाऱ्याला ते द्यावे लागत नाही.

उत्तरे यायला लागली आहेतही. मळ्याच्या घराचे संग्रहालय आता इझिको ही सार्वजनिक संस्था सांभाळते, आणि केपटाउनमध्ये कंपनीचे गुलाम जिथे कोंडले जात तो ‘स्लेव्ह लॉज’ही तिच्याचकडे आहे. फ्रान्सहूकच्या सॉल्म्स-डेल्टा या मळ्याने २००५मध्ये आपल्याच आवारात गुलामांच्या इतिहासाचे संग्रहालय काढले आणि मजुरांना मालकीत वाटा देण्याचा प्रयोग केला. तो धंदा पुढे आर्थिक अडचणीत येऊन २०२०मध्ये दिवाळखोरीत गेला. यावरून ‘इतिहास सांगून वाइन खपत नाही’ असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो घाईचा वाटतो. मळे इतर कारणांनीही बुडतात. मॉरिशसमध्ये पँपलमूसजवळच्या बो प्लाँ इथल्या बंद पडलेल्या साखर कारखान्याचे संग्रहालय २००२पासून चालू आहे. तिथे गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी दोन्हींचा इतिहास सांगितला जातो, आणि शेवटी साखर व रम चाखायला मिळते. लोक येतात.

तेव्हा प्रवासाचा क्रम असा ठेवता येईल की केपटाउनमध्ये आधी स्लेव्ह लॉज, मग कॉन्स्टान्शिया. मळ्यावर गेल्यावर मालकाच्या घरापेक्षा वाइनच्या कोठारापाशी जास्त थांबावे, वाटाड्याला विचारावे की इथे किती माणसे राबत होती आणि आज किती राबतात, त्यांची घरे कुठे आहेत, रोजी काय मिळते. जवळच्या ‘क्लाइन कॉन्स्टान्शिया’वर त्या जुन्या गोड वाइनचे पुनरुज्जीवन १९८६च्या हंगामापासून झाले आहे. ज्यांना चव पाहायची त्यांनी ती अवश्य पाहावी.

शेवटी एक फरक, जो मराठी वाचकाला मॉरिशसला गेल्यावर जाणवेल. १८३४पासून करारावर गेलेल्या मजुरांची नोंद ब्रिटिशांनी गाव, बापाचे नाव, जात, वय अशी ठेवली, आणि पुढे पुढे फोटोही काढले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत हे कागद जपून ठेवले आहेत. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांवरून वर चढलेल्या रत्नागिरीच्या माणसाचा पणतू आज तिथे जाऊन आपले गाव शोधू शकतो. २०२४ साली भारताने मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याची तरतूद केली, तेव्हा वंश सिद्ध करायला हेच कागद कामी आले. केपच्या याद्यांत मात्र ‘बंगालचा’, ‘मलबारची’ यापुढे काही नाही. तिथल्या सप्टेंबर आडनावाच्या माणसाला कोणत्याही कचेरीत दाखवण्यासारखे गाव सापडत नाही.